समुद्र डावीकडे ठेवून

१२ मे २०१७, शुक्र., लिमरिक, आयर्लंड

…त्या सकाळीही असंच चाललं होतं. पोळ्या लाटून झाल्या होत्या, बॉयलरच्या कपाटातले उबदार टॉवेल काढून मी घड्या घालत होते आणि हे कचऱ्याचा हिरवा डबा रस्त्याला लावायला गेले होते. परत येऊन हात धुताना म्हणाले, "मे महिन्यात ताईला बोलावू. सगळा किनारा फिरवू तिला, खालपासून वरपर्यंत. समुद्र डावीकडे ठेवायचा आणि सुटायचं, चुकायचा प्रश्नच नाही." मी म्हटलं, आधी पोळीचा डबा घ्या. डबा घेतला, ऑफिसला गेले. ऑफिसातून थेट हॉस्पिटल, घरी परत आलेच नाहीत. तीन वर्षं झाली.

आज टॉवेल घडी करताना मागे ह्यांची ताई उभी होती, म्हणजे मालूताई (मा.ता.). नागपूरहून मागच्या शनिवारी आल्या. लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त. घडी बघून म्हणाल्या, "बाप्पा, टॉवेलची किती सेवा करून राहिली!"

मुलगा अमेय रजा काढून डब्लिनजवळच्या ओंगारहून येणार होता, गाडी तोच चालवणार होता. दुपारी त्याचा फोन. कामावर काहीतरी रिलीज आहे, निघता येत नाही. "आई, पुढच्या वर्षी करू ना. तू तर दुकान आणि नोकरी सोडून गाडी कुठे नेत नाहीस." मा.ता.नी फोन हातातून घेतला. "अमेय, पुढच्या वर्षी मी चौऱ्याहत्तरची होईन. तू तुझी रिलीज का काय ते कर. आम्ही चाललो." मग माझ्याकडे बघून, "चालवशील ना ग?"

हो म्हटलं. आणि टायरमधली हवा बघायला बाहेर गेले.

संध्याकाळी घरमालकाचाही फोन. करार संपत आलाय, वर्षभर आणखी राहणार का, या महिन्यात सांगा. मा.ता. ऐकत होत्या. आल्या त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नागपूरला चल. वरची खोली रिकामी आहे. इथे कोण आहे तुझं?" फिरून आल्यावर सांगते, असं दोघांनाही सांगितलंय. मा.ता.चं विमान २० ला.

१३ मे, शनि., डिंगल

पोचलो!!

मोठ्या रस्त्यावर ट्रक मागे लागला तेव्हा रडायची बाकी होते. मा.ता. म्हणाल्या, "हळू चालव. त्याला घाई असेल तर तो जाईल. आपली काय शाळा भरून राहिली का?" ट्रक गेला पुढे. खरंच.

छोट्या रस्त्यांवर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख नाही, पाळख नाही. मीही बोट उचलायला लागले. मा.ता. दोन्ही हात जोडून नमस्कार करतात, अगदी कपाळापर्यंत. एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला.

समुद्र डावीकडे. दिवसभर.

बी अँड बीची (घरगुती लॉजची) बाई विचारते, प्रवास कसा झाला. म्हटलं, ग्रँड, इथले लोक 'छान'ला म्हणतात तसं. उच्चारासकट. मा.ता.ना हसू आवरेना.

१४ मे, रवि., क्लेअर

फेरीवर गाडी घालून शॅनन नदीचं मुख ओलांडलं. गाडीसकट बोटीत! मी हँडब्रेक दोनदा तपासला. मा.ता. डेकवर उभ्या, शाल डोक्यावरून, नाक लाल. "इतकी वर्षं मुलांना सांगत आले, आयर्लंड म्हणजे बटाटे, लोणी, लोकर. दोन मार्क. वारा सांगितलाच नाही कोणाला."

कड्यांवर एवढा वारा की बोलणं ऐकू येईना. पक्षी खाली उडताना दिसतात, पाठीकडून. पक्ष्यांच्या पाठी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. ह्यांना हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं. मग वाटलं, ह्यांनी पाहिलेलं असणार, ऑफिसच्या लोकांबरोबर आले होते एकदा, मी तापाने पडले होते. तेव्हा काय सांगितलं होतं मला? आठवेना. गाडीत बसून थोडा वेळ तेच आठवत राहिले. मा.ता.नी चिवड्याची पिशवी पुढे केली.

१५ मे, सोम., कॉनेमारा

पाऊस, ऊन, पाऊस. मेंढ्यांच्या अंगावर निळा रंग, कोणाची कुठली ते कळायला. रस्त्यात बसतात. हॉर्न वाजवला तर आपल्याकडेच रागाने बघतात.

मा.ता.च्या बॅगेत छोटा कुकर निघाला! मला पत्ताच नाही. खोलीत मी आंघोळीला गेलेली, यांनी इलेक्ट्रिक शेगडी (तीही नागपूरहून आणलेली) लावून गोळाभात टाकला. पहिल्या शिटीबरोबर धुराचा अलार्म. सगळे पाहुणे अंगणात, एक जर्मन जोडपं पायजम्यात. लॉजचा मालक आला, नाक वर करून वास घेतला, म्हणाला, "इज देअर एनफ फॉर टू?" त्याला वाटीभर दिला. अंगणातच उभ्याने खाल्ला त्याने. मग म्हणाला, शेगडी मात्र उद्या निघेपर्यंत माझ्याकडे राहील.

मा.ता.: "चांगला माणूस आहे. पण तूप कमी पडलं."

१६ मे, मंगळ., स्लायगो

लांब पल्ला. थकवा नाही. कुठून येतंय हे बळ.

गाडीत वाचनावरून बोलणं निघालं. मी मॅट्रिकनंतर लग्न करून आले, इंग्लिश इथे येऊन शिकले, तेही लायब्ररीतल्या मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांवर. म्हाताऱ्यांसाठी असतात ती. मला चष्मा लागायच्या आधीपासून मी तीच घेते, एका पानावर शब्द कमी, त्यामुळे शब्दांची भीती वाटत नाही. मा.ता.ना हे माहीत नव्हतं. मग, "नागपुरात अशी पुस्तकं नसतील ना ग?" मी म्हटलं, माहीत नाही, मराठीसाठी लागणार नाहीत.



१७ मे, बुध., लेटरकेनी

डोनेगल. इथे झाडं कमी, आकाश जास्त. खाडीवर पाणी ओसरलेलं, वाळूवर चपला हातात घेऊन दोघी चाललो. मा.ता. धावल्या! खरंच धावल्या, साडी वर खोचून. एक कुत्रा बरोबर धावला.

मग बसल्यावर मा.ता.नी नागपूरचा विषय काढला. "काय ठरवलं?"

म्हटलं, ताई, इथे माझी नोकरी आहे. (वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे, हे त्यांना माहीत आहे आणि आवडत नाही.)

"दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना सूप देऊन राहिली, आणि म्हणते नोकरी आहे."

रागच आला. म्हटलं, ते मला नावाने हाक मारतात. नागपुरात मी कोणाची तरी वहिनी नाहीतर काकू असेन.

बोलून गेले. मा.ता. वाळू झटकत उठल्या. जेवताना मात्र पुन्हा हसल्या, वेट्रेसला "यू आर माय डॉटर" म्हणाल्या. पण झोपताना "गुड नाइट शोभा" नाही म्हणाल्या. रोज म्हणतात.

१८ मे, गुरु., रात्रीचा मुक्काम स्लायगोजवळ (ठरलेला नव्हता!)

आज डब्लिनला पोचायचं होतं. फोनवर ओंगार टाकलं आणि तो सांगेल तसं निघाले. मन कालच्या बोलण्यात. एक छोटा पूल आला, नदी ओलांडली, गाव लागलं. काही फाटक नाही, पोलीस नाही.

थोड्या वेळाने मा.ता. ताठ बसल्या. "शोभा, रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ कुठे गेली?"

खरंच. पिवळी तुटक रेघ असते कडेला. आता पांढरी. वेगाच्या पाटीवर भलताच आकडा, मैलांतला. पेट्रोल पंपावर दर पौंडात.

"हा नकाशातला वेगळा रंग आहे ग. उत्तर आयर्लंड. ब्रिटनच्या हद्दीत आलो आपण!"

मा.ता.ना व्हिसा आयर्लंडचा. अमेयने मागच्या वर्षी कोणाची तरी गोष्ट सांगितली होती, आई-बापांना घेऊन सहज उत्तरेतल्या बेलफास्टला गेला, बसमध्ये तपासणी झाली, आई-बापांसकट अडकला. पाहुण्याला संकटात घातलं मी. परवा विमान.

मा.ता.: "पकडलं तर सांग, ही बाई भूगोलाची शिक्षिका आहे, हिला सीमा पाहायची होती." आणि हसत सुटल्या. मी मात्र पंपावरच गाडी वळवली, एकदा चुकीच्या बाजूने शिरले, एकाने हॉर्न दिला, त्यालाही बोट उचलून दाखवलं. पूल. नदी. पिवळी रेघ! दोघी एकदम ओरडलो.

मग जुन्या वाटेने खाली, डोनेगल गावावरून, समुद्र आता उजवीकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बुंडोरानला थांबून गरमागरम चिप्स खाल्ल्या गाडीतच, खिडक्या वाफाळलेल्या.

मा.ता. चिप्सकडे बघत म्हणाल्या, "कालचं ऐक. मी तुझ्यासाठी नाही बोलावून राहिली. तसं सांगितलं तुला, पण तसं नाही. दुपारी जेवायला बसते ना, तर टीव्ही लावते. कोणीतरी बोलत असावं म्हणून. बातम्या काय आहेत ते ऐकतच नाही." मग, "झालं. सांगितलं. खा तू."

या बाईने आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो तेलकट होता.

१९ मे, शुक्र., ओंगार

मोटरवेने आलो. ट्रक आले, गेले. अमेय दारात उभा होता, गाडी चारी बाजूंनी बघितली, ओरखडा नाही. "आई! यू लेजंड!"

जेवताना सीमेची गोष्ट मा.ता.नी अभिनयासकट सांगितली. अमेयने पासपोर्ट मागितला, व्हिसा बघितला आणि हसायलाच लागला. "आत्या, तुझ्या व्हिसावर दोन्हीकडची परवानगी आहे. भारतातून पाहुणे येतात त्यांना देतात आता. तू बिनधास्त जाऊ शकली असतीस." मग माझ्याकडे वळला. "परवानगी तुला नव्हती, आई. भारतीय पासपोर्ट आणि इथलं रहिवासी कार्ड. तुला वेगळा व्हिसा लागतो."

मी इथे इतकी वर्षं राहते. पाहुणीची काळजी करत होते, स्वतःचं डोक्यातच आलं नाही.

मा.ता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे मी हिला पळवून नेत होते!" मग हसू थांबल्यावर, ताटाकडे बघत, "नागपूरला मात्र नाही लागत तुला."

अमेयने दोघींकडे बघितलं. विचारलं नाही. वडिलांसारखा आहे त्या बाबतीत.

२२ मे, सोम., लिमरिक

परवा मा.ता. नागपूरला गेल्या. विमानतळावर त्यांची शेगडी बॅगेच्या वजनात बसेना, शेवटी माझ्याकडे ठेवली. तपासणीच्या रांगेपर्यंत मी बरोबर. मी तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आत्ता नको सांगू. फोनवरही नको. फोनवर तू 'बघते' म्हणशील आणि मी 'बरं' म्हणेन. येऊन सांग. नाही म्हणायचं असलं तरी येऊन म्हण."

"ताई, नाही म्हणायला एवढ्या लांब यायचं?"

"मी नाही का आली, विचारायला?"

मग वळल्या. रांगेतल्या मुलाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, त्याने ट्रे पुढे सरकवला. पुन्हा मागे बघितलं नाही. त्यांची शाल दिसत होती तोवर मी काचेशी उभी होते.

अमेय म्हणाला, आज इथेच राहा, उद्या मी सोडतो. म्हटलं, नको, मी आणली गाडी, मीच नेते. एकटीने मोटरवेने आले. रेडिओ लावला नाही. काही म्हणजे काही ठरत नव्हतं, तरी गाडी छान चालत होती.

काल घरमालकाला फोन केला. वर्षाऐवजी सहा महिन्यांचाच करार चालेल का, विचारलं. ते म्हणाले, बायकोशी बोलून सांगतो.