फुकटच्या जाळावर पेमाची हळद

१२ फेब्रुवारी
हसायचं काहून? चार साहेब महिनाभर मीटिंगा करून राहिले, भट्टीतल्या स्लॅगची गर्मी वाया चालली म्हणून. चहा मीच देते, समदं ऐकते. लोखंड वितळलं की वरची घाण लालभडक काढतात, मागं ओततात अन् गार होऊ देतात. म्हटलं, तिच्यावर हळद शिजवा. तातेराव सुपरवायझर म्हणे, "मावशी, तुमी साखर बराबर टाका." तीस वर्सं चूल फुंकली मी. मला जाळ शिकवतो!

१४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत स्लॅगच्या ढिगावर वांगं भाजलं. निम्मं तातेरावानंच खाल्लं. प्लॅन पास.

१५ फेब्रुवारी
जाऊ पेमाची हळद काढून पडली, शिजवायला सरपण न्हाई. म्हटलं, माझ्याकडं दे. मी थोरली, मला बाई म्हणते ती. म्हणे, "बाई, वर्साचं हेच पीक. पयले एक कढई करून बघा. पुढं लावायला बेणं तरी बाजूला काढू द्या." भित्री. समदी उचलली.

१८ फेब्रुवारी, दुपार
तातेरावाची सुट्टी. पेमाला संगं घेऊन ढिगावर कढई ठेवली. खालची हळद करपली, वरची कच्ची. स्लॅग वरून गार, आत धगधगती. पेमासारखीच. कढई हलवली, पाणी सांडलं, बॉम्ब फुटल्यागत आवाज. पेमाच्या पायावर निखारा. तिनं चप्पल घालायची ना.

२० फेब्रुवारी
हळद जवळा बाजारच्या मोंढ्यात नेली. व्यापाऱ्यानं हळकुंड मोडलं, हुंगलं, परत पोत्यात टाकलं. त्याला नाकच न्हाई. पेमाला म्हटलं, रडू नको, कच्ची राहिली ती बेण्याला लाव. शिजली न्हाई म्हंजे जित्ती हाय.

१६ जून
लावली. पेमा लंगडत होती. जरा जास्तच.

१४ जुलै
शेजारी शंकरसिंगच्या हळदीला पानं आली. आपल्या सरीत काहीच न्हाई. उशीर होतो कधी कधी.

२३ जुलै
कोणी न्हाई पाहून बोटानं उकरलं. हळकुंड मऊ. त्या वांग्यासारखं. दुसरं उकरलं. तिसरं. मागं पेमा उभी. तशीच लंगडत माघारी गेली. भांडली असती तर मी जिंकले असते.

२९ जुलै
साहेबांची मीटिंग झाली. गर्मी अजून वायाच. आज मी तोंड उघडलं न्हाई.
पेमा सहा दिवस झाले बोलत न्हाई. हापशावर मी गेले की रिकामी घागर घेऊन परत फिरते. असं काय केलं मी? केलं, बरं. केलं.
पेमा, शिव्या द्यायच्या तर दे. पण सोमवारपर्यंत सांग, मला बाई म्हणणार हायेस का न्हाई?