मार्चमधली मुलगी

आई, माझं वय किती हे सध्या मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुला जाऊन वीस वर्षं झाली, बाबा त्याआधीच गेले, मावशीही गेली, म्हणजे विचारायला कुणी उरलं नाही. झालं असं, की लेकीकडे परदेशात राहायला जायचं तर माझ्या नावाचा जन्मदाखला लागतो. तू ट्रंकेत जपून ठेवलेला जुना दाखला आहे, पण त्यावर नावच नाही. नुसतं 'मुलगी', तुम्हा दोघांची नावं आणि मार्चमधली तारीख. तेव्हा नोंद बारशाआधीच व्हायची आणि नाव घालायला पुन्हा कुणी फिरकायचं नाही. म्हणून वारज्याहून बस पकडून मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेले. अर्ध्या तासाचं काम, असं समजून.

तिथल्या कारकुनांनी जुनं रजिस्टर काढलं, तुमची नावं शोधली आणि बोट तिथंच ठेवून पुढचं चाळत राहिले. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "बाई, आपण यातल्या नक्की कुठल्या?" मार्चमध्ये एक मुलगी, आणि पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबरात, आणखी एक. आईवडील तेच, पत्ता सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांचा. दोन्हीकडे नावाची जागा कोरी. मी म्हटलं, मी एकुलती एक आहे, काहीतरी चूक असेल. "असेल तर आपल्या घरची. आम्ही फक्त लिहून घेतो," असं म्हणून त्यांनी मृत्यूचं रजिस्टरही उघडलं. त्यात ती सापडली. मुलगी, वय अकरा महिने, ताप. नोव्हेंबरातली, म्हणजे मी, जन्माला यायच्या आधीच ती गेली होती.

तेव्हापासून मी तुझं सगळं वागणं उलटसुलट करून बघतेय. शाळेत नाव घालायला आपण गेलो तो दिवस मला आठवतो. बाई म्हणतात, पोर फार लहान दिसते. तू पिशवीतून घडी घातलेला कागद काढतेस आणि म्हणतेस, वाढीला कमी आहे, कागदावर आहे ते लिहा. तिच्या दाखल्यावर साडेचार वर्षांची मी पहिलीत बसले, शाळा संपेपर्यंत रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहिले आणि बँकेतून पावणेदोन वर्षं आधीच निवृत्त झाले. आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मग स्वयंपाकघरातला एक मार्च आठवला. मी आठेक वर्षांची, वाढदिवसाला नवा फ्रॉक नाही म्हणून रुसून पाटावर बसायला तयार नाही. तू तबक खाली ठेवतेस. "औक्षण करून घ्यायला मिळतंय ना? सगळ्यांना नाही मिळत." मला वाटलं, गरिबांच्या मुलांबद्दल बोलतेस. तिला वर्षाची व्हायला महिनाच राहिला होता, आई. मग इतकी वर्षं तू ओवाळत कुणाला होतीस, मला की तिला? शाळेची घाई म्हणून हाताशी आला तो कागद दिलास, की तिचं काहीतरी चालू राहावं म्हणून? नोव्हेंबरात, माझ्या खऱ्या दिवशी, मला न सांगता कधी शिरा तरी करायचीस का? मी आठवून आठवून थकले. नोव्हेंबरातलं काहीच आठवत नाही.

कारकुनांनी अर्ज पुढे केला. नाव एकदा चढलं की सहजासहजी बदलत नाही, म्हणाले. खरं लिहायचं तर नोव्हेंबरात. पण मग शाळेचा दाखला, पेन्शन, पासपोर्ट सगळंच खोटं ठरणार आणि लेकीकडे जाणं राहणार. मार्चमध्ये लिहायचं, तर ती जन्मली होती हे सांगणारी तिची एकुलती एक ओळ मी घेणार. घरी जाऊन विचार करते, असं सांगून मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. मार्चच्या ओळीसाठी सही केली.

बारसं तर झालंच असेल तिचं. अकरा महिने तू तिला कुठल्यातरी नावानं हाक मारली असशील. ते नाव विचारायलाच खरं तर मी लिहायला बसले. लेकीला मात्र फोनवर एवढंच सांगितलं, की काम झालं.