देवसई तलावाची बत्ती

देवसई तलाव
२ जून २०२४

ती. नीलेशदादास,
शि. सा. न. वि. वि.

आई जाऊन वर्ष झालं, पण आबांच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसलं गेलंय. संस्थानच्या काळातलं आपलं दीपगृह ते अजून एकटे सांभाळतात. काच पुसतात, वात कातरतात. फक्त शेवटची लाँच लागून गेली तरी बत्ती मालवू देत नाहीत. म्हणतात, ठकू माहेराहून यायची आहे. आई गेली म्हणून सांगितलं की ओक्साबोक्शी रडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात. दादा, त्यांना रोज नव्यानं हे सांगणं माझ्याच्यानं होत नाही. इथं रेंज नाही, म्हणून लिहिते. काय करू ते कळव.

माया आहेच, ती असू दे.
तुझी,
ममता

हमरिया, शारजा
२० जून २०२४

चि. ममतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोरमनकडे रजा मागितली. तो ऑक्टोबरनंतर, इन्शाल्ला, म्हणाला. म्हणजे खलास.

लहानपणी लोकांचे आंबे पाडून माझं नाव सांगायचीस, तेव्हा थापा मारायला तुला शिकवायला नको. आबांना सांग, आई माझ्याकडे आलीय. विमानात घाबरली, इथं एसीत गोधडी पांघरून बसते, मला भाकऱ्या करून घालते. लिहिताना मलाच रडू फुटलं. पण आबा तरी रडणार नाहीत.

त्यांना जप, आणि माझ्यावर रागावू नकोस.
तुझा,
दादा

देवसई तलाव
११ ऑगस्ट २०२४

सौ. ठकूस,
आशीर्वाद.

हे पत्र आपल्या पोरीला, ममीला, न सांगता लाँचवाल्या संजयकडे देतोय. तू नीलेशकडे सुखात आहेस हे ऐकून आधी फार बरं वाटलं. आमची ठकू विमानात बसली म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. आता ममीला विचारतो, कधी येणार? ती म्हणते, आईला तिथं करमलंय, इतक्यात येत नाही.

करमत असेल तर राहा. बत्ती सोडून मला तुझ्याबरोबर कुठं जाता आलं नाही, त्याचा राग असेल. पण सांगून तरी जायचं होतंस. मी काय अडवणार होतो? हल्ली लाँच लागली की बत्ती मालवतो. रात्रभर कुणासाठी ठेवायची?

ममी म्हणते मी सगळं विसरतो. तू मला सोडून गेलीस, हे मात्र विसरत नाही.

तुला लिहिता येत नाही हे ठाऊक आहे. नीलेशला सांगून दोन ओळी पाठव, म्हणजे माझ्यावर माया उरली आहे असं समजेन.
महादू