खंडेनवमीची छडी

११ जून १९३४, नाशिक

टांगा हलताना वत्सलेने मागे वळून पाहिलं, त्याच क्षणी माझं कॉलेज संपलं. पुढे दोन महिने पुण्यात मी नुसता बाकावर बसत होतो. तिच्या वडिलांची, ओव्हरसियरसाहेबांची, बदली नाशिकला. मग मीही नाशिकला. नापास नव्हे, सोडलं, हे हेडमास्तरांना ठासून सांगितलं. ते हसले आणि इंग्रजी चौथीचा वर्ग देऊन टाकला.

खोली सलाउद्दीन मनियाराच्या बांगड्यांच्या दुकानावर. समोर ओव्हरसियरांचं घर, गल्लीच्या तोंडाशी शाळा. सकाळी गंगेवर, म्हणजे गोदेवर, आंघोळ, येताना पानावर गरम जिलबी. आणखी काय हवं माणसाला?

२ ऑगस्ट

सलाउद्दीनची बायको जहिदाबी समोर बांगड्या भरायला जाते. तिच्या तोंडी निरोप आला: बी.ए. होऊन या म्हणावं, तोवर मी काही म्हातारी होत नाही. सांगताना जहिदाबी पदराआड हसत होती. मी परीक्षेची पुस्तकं मागवली आहेत.

पोरं चावट आहेत. जहिदाबीचा नियाज सर्वांत चावट. शिपाई कोंडाजी छडीला तेल पाजून दाराआडच्या खुंटीला टांगतो. मी तिला अजून हात लावलेला नाही. जिच्यासाठी जगतो ती समोर राहत असताना मारायचं कुणाला?

खंडेनवमी

शाळेत पूजा. पाटावर पुस्तकं, घंटा, कंपासपेटी आणि झेंडूची माळ घातलेली छडी. कोंडाजीने बजावलं होतं, मास्तर, आज हत्यार बसलंय, सीमोल्लंघन होईस्तोवर उचलायचं नाय. उचललं तर ज्याच्यात आपला जीव त्याच्यावरच चालतं म्हणत्यात.

आरती चालू असताना नियाज शेजाऱ्याला म्हणाला, सर समोरच्या खिडकीचीच पूजा करतात. सगळी रांग खुदखुदली. माझं डोकं फिरलं. माळेसकट छडी ओढली आणि नियाजच्या हातावर सपासप मारत सुटलो. झेंडूच्या पाकळ्या पोरांच्या अंगावर उडाल्या. नियाज डोळे मिटून उभा. मग एक डोळा उघडून म्हणाला, सर, लागत नाही. म्हणून आणखी मारलं.

कोंडाजीने आरतीचं तबक खाली ठेवलं.

दसरा

जहिदाबीने नियाजचा हात उलटासुलटा करून दाखवला. मारलंत म्हणे, वळ कुठाय? खरंच नव्हता.

दिवाळीनंतर

छडी हातात छान बसते. पोरं रडत नाहीत, ही चिडायचीच गोष्ट. रडेपर्यंत मारतो. ती रडत नाहीत.

३ डिसेंबर

जहिदाबी आज हसली नाही. म्हणाली, मास्तर, त्या पोरीला घरात कोण मारतंय? बांगडी चढवायला हात दाबला तर कळवळली. तळवे फाटलेत, वळावर वळ. विचारलं तर म्हणते, कुणी नाही, आपोआप उठतात.

सरळ समोरच्या घरात शिरलो आणि ओव्हरसियरांची कॉलर धरली. म्हातारा माझं मनगट धरून म्हणाला, मी पोरीला बोटही लावलं नाही. दारात वत्सला उभी. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. पदराला रक्त. तिने विचारलं, शाळेत तुम्ही कुणाला मारता का? तुम्ही मारू लागलात, की लागतं मला.

कोंडाजीचं बोलणं मला तेव्हा आठवलं.

४ डिसेंबर

छडी मोडली. गुडघ्यावर, दोन तुकडे. आता वत्सला सुटली —

दुपारी नियाज धावत आला. वत्सलेचं मनगट मोडलं. नुसती बसली होती, हाड कट्कन वाजलं म्हणे.

मीच —

५ डिसेंबर

छडी खुंटीला. अखंड. तेल पाजलेली. कोंडाजी म्हणतो, मी नाय लावली, देवाशप्पथ.

जाळायचा विचार आला. काडी पेटवलीही. मग वत्सलेचे पेटलेले केस डोळ्यांपुढे आले. विझवली.

जानेवारी

छडीकडे बघत नाही. तळवा खाजतो. पाठ शिकवताना हात मागे बांधून उभा राहतो. पोरं हसतात. हसू देत.

१७ मार्च

तिचं लग्न ठरलं. कळवणचा वकील. बी.ए. झालेला.

जहिदाबी म्हणाली, रडत हो म्हणाली ती. म्हणाली, मास्तरांपासून लांब गेले तर वाचेन.

लांब.

वर्गात कुणीही खोडी काढली नव्हती. नियाजला हात पुढे कर म्हटलं. तो म्हणाला, सर, नका, त्या ताईंना लागतं. सगळ्या शाळेला माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी मारलं. तिचं नाव घेत घेत मारलं. पोरगा रडला — लागलं म्हणून नव्हे.

एप्रिल

वर्षाकडे वळून बघतो. काय शिकवलं? पोरांना हात पुढे करायला शिकवलं. मला वाटायचं छडी मला चालवते. खंडेनवमीला तिने मला ओढलं नव्हतं. मी तिला ओढलं.

निकाल लागले. शाळा रिकामी. तिची वरात उद्या कळवणला. मीही नाशिक सोडतो. तिच्या मागे नाही. शप्पथ.

छडी टेबलावर ठेवली. बोटं एकेक करून सोडवली. हात रिकामा आहे. पहिल्यांदा —

बाहेर आलो. दार ओढलं. कडी लावली. दाराला वही टेकवून लिहितो आहे.

आत कुणी नाही. माझा हात इथे, लेखणीत. तरी आत सप्प —

पुन्हा —

गल्लीत जहिदाबी ओरडते आहे, मास्तर, थांबा, मारू नका, पोर —

मी मारत नाही, मी तर बाहे