पक्ष्याच्या डोळ्यांचा रंग

दादा,

तुझ्या बालपणाचं आणि सफरींचं पुस्तक वाचलं. प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीसाठी वाचकांकडून चुका मागवल्या, मी एकोणीस कळवल्या. विसावी ठेवून घेतली.

बेटावरचा नवा पक्षी तू शोधलास, त्याचे डोळे तपकिरी, असं लिहिलंयस. जिवंत असताना ते पिवळेजर्द होते. मेल्यावर तासाभरात तपकिरी झाले. तू तेव्हा जहाजावर ओकत पडला होतास. "छोट्या, तूच जा रे, काहीतरी घेऊन ये," म्हणालास. मी आणला, सोलला, भुसा भरला. पुस्तकात मी 'सोबतचा नोकर'.

उद्या कुणी तो पक्षी जिवंत पाहील, तेव्हा तुझं पितळ उघडं पडेल. हे पत्र टाकलं, तर तू डोळे दुरुस्त करशील. म्हणून टाकत नाही.

शाळेची पायरी न चढता लिहायला-वाचायला शिकलेला,
तुझा धाकटा भाऊ