दारातून परत गेलेले

ता. ३ नोव्हेंबर

चि. वहिनीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहिते आहे, तेव्हा आधी कान धरते. निवाऱ्यात थंडीच्या तोंडावर माझी लग्नघाई असते. गाद्यांना ऊन द्यायचं, फुटक्या नळाचं गाऱ्हाणं वरच्या कचेरीत तीनतीनदा घालायचं, आणि साठांच्या जागेत नव्वद माणसं कशी मावतील ते बघायचं. गुडघा आहे तसाच. तो मला जिना चढू देत नाही, मी त्याला सुट्टी देत नाही, असा आमचा संसार चालला आहे.

आता कामाचं. आमच्या समितीत यंदा एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वयाने माझ्या निम्म्या, पण भल्याभल्यांची बोलती बंद करतात. त्यांचं म्हणणं, प्यायलेल्या माणसालाही आत झोपू द्यावं. आपला नियम तुला ठाऊक आहे. दारावरचे काका प्रत्येकाला तोंडाने ‘हा’ करायला लावतात. वास आला की माणूस परत. आधी सोड, मग ये. हा नियम मीच केला आणि मीच चालवला.

हे सगळं पेटलं एका रंगाऱ्यावरून. हातात कसब असलेला माणूस. बायको गेली आणि बाटली आली. बाजारामागच्या शेडखाली पडून असतो. पंधरवड्यात तीनदा दारावर आला, तिन्ही वेळा परत गेला. बाईंनी त्याची छाती तपासली. म्हणतात, ही थंडी बाहेर काढली तर हा जगत नाही.

सहा डिसेंबरला सभा आहे. तू येऊन दोन शब्द बोल. बारक्याला जाऊन चार वर्षं झाली. मी त्याची बहीण, पण तू बायको, तुझ्या शब्दाला वजन आहे. सांग की आपण सगळेच त्याच्याशी फार मऊ वागलो, म्हणून दारूने त्याला नेलं. गाडीभाडं माझ्याकडे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वन्सं
(हा शब्द तूच लावलास. ऐकला की दहा वर्षांनी म्हातारी होते.)

ता. ९ नोव्हेंबर

ती. वन्संच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

कान धरल्याचं वाचून हसू आलं. तुम्ही दुसऱ्यांचे धरता हे मी पाहिलं आहे, स्वतःचे कधी नाही. गुडघ्याला तेल चोळत जा. तुम्ही चोळणार नाही हे माहीत आहे, पण लिहिणं माझं काम.

मी बरी आहे. बाइंडिंगखान्यात अजून शिवणीलाच बसते. छापलेले फर्मे शिवता शिवता वाचायची खोड काही जात नाही. मालक म्हणतात, पगार शिवायचा आहे, वाचायचा नाही. पण सोळा पानं हातात आली की डोळा जातोच. शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण हे असं फर्म्याफर्म्यानं. कधी पुस्तकाचा शेवट आधी कळतो, सुरुवात आठवड्याने येते. हे चिडवायचे, की तुझ्या डोक्यातही पानं उलटसुलट लागली असणार.

गेल्या आठवड्यात तुमच्या खात्याचे वार्षिक अहवाल बांधायला आले. त्यात तुमचा निवाराही होता. इतक्यांना जेवण, इतक्यांना काम लावून दिलं, इतके घरी गेले. प्रत्येक आकड्यापुढे शेरा होता. खाली बारीक टायपात एक ओळ होती: दारातून परत गेलेले, दोनशे बारा. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. चाळीस प्रती शिवल्या, चाळीस वेळा ती ओळ वाचली.

सभेचं म्हणाल तर मला जमणार नाही. चार माणसांत जीभ टाळूला चिकटते. शिवाय आपण मऊ वागलो म्हणून हे गेले, असं मला नक्की वाटत नाही. त्या रंगाऱ्याला कोणी आहे का? पुन्हा आला होता का? कळवा.

लोभ तुमचा आहेच, पत्र मात्र महिनाभर अडवू नका.
तुमची
वहिनी

ता. १४ नोव्हेंबर

चि. वहिनीस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं ‘नक्की वाटत नाही’ माझ्या घशात अडकलं आहे. म्हणून सगळं लिहिते.

पहिल्या वर्षी आम्ही कोणालाच अडवत नव्हतो. त्या वर्षी एकाने नशेत विडी पेटवली आणि गादीवर तसाच झोपला. वरच्या मजल्यावर बाया आणि लेकरं होती. धुराने एक बाई गेली. तिचं सहा महिन्यांचं पोर वरून चादरीत सोडलं, ते मी खाली झेललं. हा नियम मी पुस्तकात वाचून केलेला नाही, वहिनी. तेव्हा बारीक टायपावरून मला शहाणपण शिकवू नकोस. ते दोनशे बारा परत गेले, त्यांतले एकोणीस सोडून पुन्हा आले. आज कामाला आहेत. त्यांतलाच एक मला म्हणाला, की ताई, दार बंद झालं तेव्हा शुद्ध आली.

रंगारी परवा पुन्हा आला. काकांनी विचारायच्या आधी त्यानेच तोंड फिरवलं. म्हणे, ‘हा’ बिहा काही करत नाही, नुसता ओट्यावर बसतो. काकांनी उठवला. तो खोकत गेला तो वळणापर्यंत ऐकू येत होता.

समितीत आम्ही पाच. दोघे इकडे, दोघे तिकडे, पाचवी मी. हात मलाच उचलायचा आहे, पण तू शेजारी असलीस तर बळ येईल. बारक्याला मी कडेवर वाढवला, त्याच्यासाठी काही करू शकले नाही. निदान नियम तरी शाबूत ठेवू दे.

रागाने लिहिलं, त्यातली माया तेवढी वेचून घे.
तुझी वन्सं

ता. १८ नोव्हेंबर

ती. वन्संच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

चार वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली. ह्यांनी शब्द घेतला होता, की ताईला कळता कामा नये. आज तो शब्द मोडते आहे.

जायच्या दोन महिने आधी हे तुमच्या निवाऱ्यावर आले होते. मी पाठवलं नव्हतं, कोणीच नव्हतं पाठवलं. सकाळी उठून दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, ताईकडे जाऊन राहतो, सुटली तर तिथेच सुटेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी डबा भरून दिला. काचा बसवणारा माणूस, हात कधी हलायचा नाही, पण त्या दिवशी सदऱ्याची बटणं मी लावली. तुमच्या गावी उतरल्यावर पाय उचलेना, म्हणून अर्धा ग्लास घेतला. दारू सोडायला जायचा धीर यावा म्हणून प्यायले, वन्सं. दुसऱ्या कोणाला हसू येईल, तुम्हाला येणार नाही.

दारावर ‘हा’ केला. परत पाठवलं. डबा न उघडता घरी आले. मी विचारलं, ताईंना निरोप का नाही दिला, तर म्हणाले, ताई नव्हती, कामाला बाहेर गेली होती. काकांचं काही चुकलं नाही म्हणाले, नियम तो नियम. हसत सांगितलं. पण नंतर कुठेही गेले नाहीत. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, एकदा परीक्षेला बसलो, नापास झालो, आता वय गेलं.

म्हणून सभेत मला ते बोलता येणार नाही. तुमच्या आगीचं मी दोनदा वाचलं. ती बाई खरी, ते पोर खरं. पण आग गादीने आणि विडीने लागली ना? मग गादी काढा. काडीपेटी दारावर काढून घ्या. खालच्या फरशीवर सतरंजी टाका, एक माणूस जागा ठेवा. एवढ्या सगळ्यांतून माणूसच तेवढा काढायचा, हे मला समजत नाही. मी चौथी शिकलेली, चुकत असेन.

तुम्हाला दुखवायला हे लिहिलं नाही. तुम्ही तिथे नव्हताच, तुमचा काय दोष? वाटलं तर सभेत माझ्याऐवजी हे पत्र वाचा. नाहीतर फाडून टाका.

आहे ती माया राहू द्या, एवढंच मागणं.
तुमची
वहिनी

ता. २६ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र पाच दिवस पिशवीत घेऊन फिरते आहे.

मी होते. बाहेर गेले नव्हते. कचेरीच्या खिडकीत उभी होते.

बारक्याने ‘हा’ केला तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. हा कोण, हे त्यांना ठाऊक होतं. आज कबूल करते, दोनचार परक्या माणसांसाठी मी त्या खिडकीतून खूण केलेली आहे, की थोडीच आहे, बसू दे ओट्यावर, उतरेल. पण हा माझा भाऊ. आत शंभर डोळे. ताईचा नियम ताईच्या भावाला नाही, असं उद्या कोणी म्हणेल, या भीतीने मी नाही म्हणून मान हलवली. परक्याला दिलं ते सख्ख्याला दिलं नाही.

त्याने पाहिलं, वहिनी. मला नमस्कार केला, कचेरीतल्या साहेबाला करतात तसा, आणि वळला. मला वाटलं, संध्याकाळी माझ्या घरी येईल, तेव्हा समजूत घालू. दोन माणसांचा स्वयंपाक केला होता. आला नाही.

त्याने तुला सांगितलं असेल, या धास्तीने मी चार वर्षं तुझी पत्रं उघडत होते. तू बोलत नाहीस, म्हणजे मनात ठेवून आहेस, असं वाटायचं. आणि आता तू लिहितेस, तो म्हणाला ताई नव्हती.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

वन्सं

ता. ३० नोव्हेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र आल्यापासून शिवण वाकडी येते आहे. मालकांनी दोन पुस्तकं उसवायला लावली.

मला राग आला आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही आला असं लिहिणार नाही. ह्यांचाही आला, मला खोटं सांगितलं म्हणून. मग आठवलं, ते सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, डब्याचं झाकण पुसत होते. दोघींमध्ये वाकडं येऊ नये म्हणून जाता जाता एवढं करून गेले. त्याच्यापुढे मी काय लिहू?

माफीचं मला आज सांगता येत नाही. पण आपला राग आपल्या घरात राहू दे. रंगाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? तो थंडीत बसला आहे. सहा तारखेला माझं पत्र वाचा, आणि त्याच्या मागोमाग तुमचं. एकटं माझं वाचलंत तर काकांवर आळ येईल, आणि ते बरोबर नाही.

गुडघ्याची काळजी घ्या. हे रागातही लिहिते.
वहिनी

ता. १२ डिसेंबर

चि. वहिनीस,
आशीर्वाद, वि. वि.

दोन्ही वाचली. तुझं वाचताना आवाज टिकला. माझं वाचताना डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग समितीतले मास्तर बोलले. आगीत गेली ती त्यांची भावजय. म्हणाले, ताई, तुमचं सगळं पटलं तरी माझा हात वर जाणार नाही. मी म्हटलं, जाऊ नयेच. मी माझा उचलला. दोघांविरुद्ध तिघे, ठराव झाला. तळमजल्यावरची सामानाची खोली, नुसती फरशी आणि सतरंज्या, काडीपेटी दारावर जमा, बायांचा जिना वेगळ्या दाराने. तेही या थंडीपुरतं.

आणि कोणी आलंच नाही. तीन दिवस खोली रिकामी. शेवटी गुडघ्याला शिव्या देत मीच बाजारामागे गेले. रंगारी म्हणाला, ताई, गरिबाची थट्टा करता होय? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग लिहून द्या. शेडखाली बसून लिहून दिलं, की या माणसाला असेल तसा आत घ्यावा. त्याने ते समोरच्या दुकानदाराकडून दोनदा वाचून घेतलं, माझ्यावर भरवसा नको म्हणून. मग आला. आल्या आल्या फरशीवर ओकला, आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आता हाकलतील म्हणून. मी बादली आणली. आपल्याला हाकललेलं नाही, हे कळायला त्याला बराच वेळ लागला. मलाही लागला. फरशी पुसताना मी बारक्यासाठी रडले, चार वर्षांत पहिल्यांदा.

काल सात जण होते. अडचण आता एकच, जागं राहायला माणूस नाही. काका थकले. दिवसाआड मी बसते, पण माझ्याने हे निभणार नाही. माणूस मिळाला नाही तर सोमवारनंतर खोली बंद करावी लागेल. हात वर करणारे सगळे आपापल्या घरी झोपतात.

तुझ्या लोभावर आता माझा हक्क नाही. तरी वाट पाहते.
तुझी वन्सं

ता. १५ डिसेंबर

ती. वन्संच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

मालकांकडे थंडी सरेपर्यंतची सुट्टी मागितली. म्हणाले, जागा ठेवतो, तोवर न वाचणारी बाई मिळाली तर माझी पुस्तकं तरी वेळेवर जातील. म्हणजे दिली.

सोमवारच्या सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचेन. खोली बंद करू नका. रात्री जागायची मला सवय आहे, ह्यांच्या आजारपणात झाली. राग अजून आहे, तोही बरोबर येतो आहे. त्याला वेगळं अंथरूण लागणार नाही.

काकांना सांगा, दारावर मी बसेन. मी कोणाला ‘हा’ करायला सांगणार नाही. नाव विचारेन आणि सतरंजी दाखवेन. ओकारी, शिव्या, रडणं, यातलं मला नवीन काही नाही.

एकच सांगणं आहे. मी तिथे असताना तुम्ही खिडकीत उभ्या राहू नका. बाहेर या, माझ्याशेजारी बसा.

बाकी लोभाचं समोरासमोर बोलू.
तुमची
वहिनी