हालचाल झाली, वापरू नये

रविवार, ६. संध्याकाळ.

उद्यापासून पाच दिवस कार्यशाळा. विषय : मेंदूतल्या जोडण्यांचा कॉम्प्युटरवर नकाशा काढणे. माझं नाव कन्येने परस्पर घातलं. ती त्याच प्रयोगशाळेत संशोधन करते. म्हणाली, बाबा, जन्मभर भिंतीतल्या वायरी ओढल्यात, आता एकदा डोक्यातल्या बघा. आमच्याकडे अनुभवी माणसासाठी एक जागा राखून ठेवली आहे.

इथवर ठीक. पण ही लगेच म्हणाली, अहो, जाच. आणि आमचा फोरमन, ज्याला साधं कुलूप कुठलं आणायचं ते ठरवायला दोन दिवस लागतात, तो तिथल्या तिथे म्हणाला, शेठ, इकडची काळजीच सोडा.

बावीस वर्षांत या तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. काहीतरी शिजतंय.

एका हॉस्पिटलची चाळीस कंट्रोल पॅनेलं शनिवारी कारखान्यातून निघायची आहेत. नेमका त्याच आठवड्यात मालक बाहेर. शिवाय फोरमनने गेल्या महिन्यात नवा शर्ट घेतला. एक नाही, दोन. स्वतःचा धंदा काढायच्या बेतात असलेला माणूसच असे शर्ट घेतो. मीही घेतले होते.

खबरदारी म्हणून त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप करून पाकिटात घातलं. तारीख कोरी. खिशात राहील. वापरायचंच असं नाही. जादा फ्यूज आपण घरात ठेवतोच की.

निश्चय : कमी बोलायचं. कान उघडे ठेवायचे. वर्गात पहिलं यायचं.


सोमवार, ७.

सोळा विद्यार्थी. पंधरा जण माझ्या कन्येच्या वयाचे. शिकवणाऱ्या मॅडम मला काका म्हणाल्या. दहा मिनिटांत सगळा वर्ग काका म्हणायला लागला. ठरवून केल्यासारखं वाटलं.

प्रकार असा : मेंदूचे शंभर भाग पाडायचे. प्रत्येक भागाचा दिवा कमीजास्त होत असतो. दोन भागांचे दिवे बरोबरच चढले आणि बरोबरच उतरले, तर त्या दोघांत जोडणी आहे असं धरायचं. मी विचारलं, वायर दिसते का? मॅडम म्हणाल्या, या पद्धतीत दिसत नाही, चढउतारावरून अंदाज. मी विचारलं, अर्थिंग कुठे दिलंय? मॅडम म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे.

'प्रश्न चांगला आहे' म्हणणारा माणूस उत्तर टाळत असतो. मीही गिऱ्हाइकांना हेच म्हणतो.

मग लॅपटॉपवर काळा पडदा, पांढरी अक्षरं. सांगितलेली ओळ टाइप करून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. अकरा वेळा दाबलं. नंतर कळलं की ते काम अकरा वेळा सुरू झालंय आणि अख्ख्या वर्गाचे कॉम्प्युटर त्यामुळे बसलेत. शेजारच्या दाढीवाल्याला बोलणी बसली. मी निश्चयाप्रमाणे कमी बोललो. तसाही तो पडदा तिरका धरतो. प्रामाणिक माणूस पडदा सरळ ठेवतो.

चहाच्या सुट्टीत फोन. फोरमन : चाललंय, शेठ. संपलं. एरवी हा माणूस एका स्क्रूची हकीकत अर्धा तास सांगतो. हिशेबाच्या बाई : हो, हो, नाही, हो. ही : जेवलात का? बरं, ठेवते.


मंगळवार, ८.

आज तो चौकोन शिकवला. शंभर आडव्या ओळी, शंभर उभ्या रांगा. जिथे जोडणी घट्ट, तिथे लाल. नसेल तिथे निळं. ११.२० वाजता डोक्यात दिवा लागला. जे मेंदूचं, तेच माणसांचं!

तीन केंद्रं धरली : फोरमन, हिशेबाच्या बाई, ही. प्रत्येकाला दिवसातून सहा फोन करायचे. मोकळेपणाने बोलण्याला दहापैकी गुण द्यायचे.

साडेअकरा. फोरमनला सांगितलं, सकाळी दाढी करताना मला शंका आली आहे, चाळीसही पॅनेलच्या वायरी सोडून पुन्हा बांधा. म्हणाला, बरं. बारा वाजता विचारलं, सोडल्या? हो. किती? सगळ्या. अर्ध्या तासात चाळीस? गुण दोन. लगेच बाईंना विचारलं, फोरमन खरं बोलतोय का? म्हणाल्या, मला इथून दिसत नाही. बाईंचं टेबल पॅनेलांना टेकून आहे. गुण दोन. लगेच घरी लावला. हिला विचारलं, फोरमनचा तुला फोन आला होता का? म्हणाली, अहो, कुकर लावलाय. कुकरचा आवाज नव्हता. माझे कान तिखट आहेत. गुण एक.

संध्याकाळपर्यंत चित्र स्वच्छ. एकाचे गुण पडले की तिघांचे पडतात. चौकोन लालभडक. हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतंय.


बुधवार, ९.

खऱ्या मशीनमध्ये घालून मेंदूचं चित्र काढायला चार जण हवे होते. पहिला हात माझा. खिसे रिकामे करायला लावले. टेस्टर, किल्ल्या, चिल्लर, पाकीट. सगळं कन्येकडे दिलं. पाकिटावर 'फोरमन यांस' असं होतं. ते तिने गरजेपेक्षा जास्त वेळ हातात धरलं.

सूचना एकच : दहा मिनिटं डोकं हलवायचं नाही. सोपं आहे. पण काचेपलीकडे कन्या, मॅडम आणि तो मशीनवाला आपसात बोलायला लागले. मशीनवाला हसला. कशाला हसला? मशीन कानाशी पत्रे बडवल्यासारखं वाजतंय. ऐकू यावं म्हणून मान जराशी उचलली. मग दुसऱ्या कानाने, म्हणून जराशी तिकडे. मशीनवाला माइकवर तीनदा म्हणाला, काका, हलू नका. हलत नाही, असं तीनदा सांगितलं. सांगायला थोडं हलावं लागलं.

सामान परत मिळालं. पाकीट हाताने चाचपून पाहिलं, जागेवर. कन्या घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. गुण एक. चौकोनात चौथं केंद्र म्हणून तिचं नाव घातलं. पोटची पोर. पण विज्ञानापुढे इलाज नाही.


गुरुवार, १०.

चौघांचे चौकोन पडद्यावर दाखवले. बाकीच्यांचे इथे एक लाल ठिपका, तिथे दोन. गरिबाच्या घरच्या लायटिंगसारखे. माझा? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल. शंभरच्या शंभर भाग एकमेकांना जोडलेले. मी बढाईखोर नाही. दाढीवाल्याला एवढंच म्हटलं की अनुभव. त्याने फोटो काढून घेतला.

मॅडमनी माझं चित्र उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं. मला वाटलं, खास असणार. फोल्डरचं नाव : 'हालचाल झाली, वापरू नये.'

म्हणे, डोकं हललं की सगळे भाग एकदमच हलतात. कॉम्प्युटरला वाटतं, सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. असतात कुठे! हलवणारा एकच असतो.

मॅडमबद्दल आदर ठेवून लिहितो : हा मत्सर आहे.

आज प्रत्येकाला नऊ फोन. दुपारनंतर फोरमनने उचलायचं बंद केलं. शून्य गुण. त्यानंतर बाईंनी. मग हिने. एकापाठोपाठ एक! याहून पुरावा काय हवा? शनिवारी कारखान्यात जायचं, सगळ्यांसमोर पत्र हातात ठेवायचं. ठरलं.


शुक्रवार, ११.

प्रत्येकाने आपापला नकाशा वर्गापुढे मांडला. मी माणसांचा मांडला. नावं झाकून : अ, ब, क, ड. सांगितलं, ही चार केंद्रं वरून स्वतंत्र दिसतात, आतून एकच सर्किट आहे.

मॅडमनी बराच वेळ चौकोन पाहिला. विचारलं, नोंदी कशा घेतल्या? म्हटलं, फोनवर. फोन कुणी केले? मी. सगळे? सगळे. गुण कुणी दिले? मीच, दुसऱ्यावर कसा विश्वास टाकणार? तेव्हा म्हणाल्या, काका, मग या चौघांना एकाच वेळी हलवणारं पाचवं केंद्र चौकोनात का नाही?

मी म्हटलं, तो मीटर आहे. मीटर सर्किटमध्ये धरत नाहीत.

दाढीवाला खाली मान घालून हसला, मागे पूर्ण वर्ग हसला. कन्या नाही हसली. ती हळूच म्हणाली, बाबा, खराब मीटर स्वतःच सर्किटमधून करंट ओढतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. सातवीत होते.

मी शिकवलं होतं. बरोबरच आहे ते. पण इथे त्याचा काय संबंध?

प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'सहभाग' लिहिलंय. नंबर लिहिलेला नाही. विसरले असतील.

उद्याचा बेत कायम.


शनिवार, १२.

सकाळी नऊला न सांगता कारखान्यावर. फाटकाबाहेरच रेडिओ ऐकू आला. रेडिओबरोबर कुणीतरी गात होतं. सुरात. दारातून पाहिलं तर फोरमन. बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं की हा माणूस गातो.

आत पाऊल टाकलं. रेडिओ बंद. सगळे गप्प. एकदम.

चाळीस पॅनेलं तयार, बांधलेली, लेबलं लावलेली. बाई म्हणाल्या, गुरुवारीच झाली. गुरुवारी! मी असताना वेळेच्या आधी एक पॅनेल कधी निघालं नाही. साहजिकच संशय. नऊ पॅनेलं उघडायला लावली, प्रत्येक वायर ओढून पाहिली. दोष नाही. दहाव्यात एक स्क्रू ढिला सापडला. फोरमनला बोलावून दाखवला. तो म्हणाला, शेठ, ती वायर आत्ता तुम्हीच ओढलीत.

अंगात नवा शर्ट होता. विचारलं, हा कशाला? म्हणाला, हॉस्पिटलचे साहेब माल घ्यायला येणार, आपल्याकडचं कुणीतरी बरं दिसायला हवं.

पत्र द्यायचं नाही, असं तिथे उभ्या उभ्या ठरलं. आम्ही दोघं एक शिडी खांद्यावर घेऊन घरोघर फिरायचो, तेव्हा जड टोक तो घ्यायचा. आजवर त्याने ते बोलून दाखवलेलं नाही. पाकीट खिशात आणखी खोल ढकललं.

तेवढ्यात फोरमन म्हणाला, द्या, शेठ. ताई म्हणाल्या, पाकीट तुमच्याजवळ आहे. कन्येला तो ताई म्हणतो.

म्हटलं, काही नाही रे, जुना कागद आहे. पण पाकिटाचं टोक खिशातून वर आलेलं होतं. त्याने ते अलगद काढलं आणि माझ्याच टेस्टरने फोडलं. मी फरशीकडे बघत राहिलो. फरशी झाडायला हवी आहे.

त्याने वाचलं. हसला. खिशातलं पेन काढून सही केली आणि बाईंकडे दिलं. बाईंनी सही केली. मग अकराही कारागिरांनी, रांगेने. शेवटी कागद माझ्याकडे आला.

पुढच्या महिन्यातल्या वरच्या कोर्सचा अर्ज. पंधरा दिवस. निवासी. 'शिफारस करणारे' या चौकटीत जागा पुरली नाही म्हणून सह्या मागच्या बाजूला गेल्या होत्या. सगळ्यांत वर एक सही आधीपासूनच होती. हिची.

पाकीट कन्येने बुधवारीच बदललेलं; हिच्या सहीचा अर्ज तिच्या बॅगेत तयारच असणार. मी मशीनमध्ये मान हलवत होतो तेव्हा.


रविवार, १३. सकाळ.

कन्येला विचारलं, पत्र कुठे आहे? तिने बॅगेतून काढून दिलं. वर चिठ्ठी चिकटवलेली : 'हालचाल झाली, वापरू नये.' म्हणाली, तुम्हीच फाडा. फाडलं. फोरमनने वाचलंय का, विचारलं. म्हणाली, नाही. गुण दिले नाहीत.

अर्जावर सही केली. एका माणसासाठी चौदा जणांची शिफारस, असा पाठिंबा सहसा कुणाला मिळत नाही. कोर्स पुढच्या महिन्यात आहे. बॅग ही आजच भरते आहे.

भरताना गुणगुणत होती. मी खोलीत गेलो. थांबली. विचारलं, काही हवंय का? म्हटलं, नाही. बाहेर आलो. पुन्हा सुरू झालं.

खात्री करण्यासाठी एकदा आत जाऊन पाहावं असं वाटलं. गेलो नाही. दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो आहे. आवाज चांगला आहे तिचा.